भरली घागर, पक्का काष्टा

आमच्या घराण्यात गोष्टी सांगायचं काम माझ्याकडे आहे. कुणी दिलेलं नाही, मीच घेतलं. लग्न असो, साखरपुडा असो, अगदी तेरवी असो, जेवणं उरकली की कुणीतरी म्हणतंच, "वहिनी, ती घागरीची सांगा." मी आढेवेढे घेते. म्हणजे घेतल्यासारखं करते, कारण तोवर पदर खोचून उभी राहिलेलीच असते. माझं तोंड हा आमच्या घरातला एकमेव अवयव, ज्याबद्दल सगळे मोकळेपणानं बोलतात.

तर घागरीची गोष्ट अशी.

माझं सासर खाप्याचं. गावाबाहेर शेत, शेतात विहीर. आमच्याकडे बाळंतीण विहीर पुजते. बारसं झालं की तिला नवं लुगडं नेसवायचं, गल्लीतल्या बाया गोळा करायच्या आणि वाजतगाजत विहिरीवर न्यायचं. तिनं विहिरीला हळदकुंकू वाहायचं, पाणी ओढायचं, पितळी घागर काठोकाठ भरायची आणि डोक्यावर घेऊन, हात न लावता, घरापर्यंत आणायची. घागर जितकी भरलेली तितकं आईला दूध जास्त, अशी समजूत. ते पाणी उंबऱ्याच्या आत आलं की सुवेर, म्हणजे बाळंतपणाची शिवाशिव, संपलं, बाळंतीण दुसऱ्या दिवसापासून कामाला लागली.

मी नागपूरची. पाण्याशी माझा संबंध म्हणजे नळाखाली बादली लावायची आणि ती भरून वाहेपर्यंत शेजारणीशी बोलत उभं राहायचं. मुलगी झाली ती दवाखान्यात, टाके पडून. ते पुरते वाळायच्या आत मला विहिरीवर उभं केलं. घागर भरली. दोघींनी उचलून माझ्या डोक्यावर ठेवली. माझी मान खांद्यात गेली, डोळे बाहेर आले. मी बदकासारखं पहिलं पाऊल टाकलं, दुसरं टाकलं, आणि मागून सासूबाई आल्या. त्यांनी घागर माझ्या डोक्यावरून ओढून घेतली, स्वतःच्या डोक्यावर चढवली आणि सगळ्या बायांदेखत म्हणाल्या, "ही शहरातली बाई घागर फोडन. सरा." आणि चालू लागल्या. बाया खो खो हसल्या. पुढे घागर घेऊन सासू, मागे जरीच्या लुगड्यात पाय अडकत चाललेली सून, आणि माझ्या डोक्यावर उरलेली नुसती चुंबळ.

ही गोष्ट मी वर्षानुवर्षं सांगितली. ते बदकाचं चालणं करून दाखवायचे. सासूबाईंचा आवाज काढायचे. लोक डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसायचे. फक्त एक माणूस कधी हसलं नाही. मी चालायला सुरुवात केली की सासूबाई भिंतीला हात टेकून उठायच्या आणि आत निघून जायच्या. दर वेळी, नेमक्या तिथेच.

मला ते लागायचं. गोष्ट सांगणाऱ्याला शंभर हसणारे दिसत नाहीत, उठून जाणारा एकच दिसतो. नवरा समजूत काढायचा की आई कधीच हसत नाही, लहानपणापासून पाहतो आहे. घरात हे ठरूनच गेलं होतं. आमची आई कडक, आमची आई हसत नाही.

आणखी एक गोष्ट ठरून गेली होती, की आई हट्टी. त्यांच्या वयाच्या बाया केव्हाच पाचवारीवर आल्या, पुढे गाऊनवर आल्या आणि दुपट्टा घेऊन किराणा दुकानातसुद्धा जाऊ लागल्या. सासूबाई नऊवारीतच. काष्टा असा आवळून मारलेला की कुस्तीला निघाल्या आहेत. मी दिवाळीला पाचवारी घेऊन द्यायचे, ती पेटीत जायची आणि कुणाच्या तरी ओटीत निघून जायची. एकदा मऊसूत फुलाफुलांचा गाऊन नेला. पुढच्या खेपेला तो गव्हाच्या कोठीवर झाकण म्हणून दिसला. यावरही माझी एक छोटी गोष्ट होती. माझ्याकडे सगळ्यावर गोष्ट असते.

मागच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी त्या आमच्याकडे नागपूरला, मनीषनगरात आल्या, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी. दोन्ही डोळे गेलेच होते म्हणा. वरण ताटाच्या बाहेर पडायचं, पायरी चुकायची. एरवी दवाखान्याचं नाव काढू न देणारी ही बाई या वेळी आपणहून म्हणाली होती की डोळा करून टाका. शेताच्या वाटेनं एकटीला जाता येत नाही, कुणाचा तरी हात धरावा लागतो, हे त्यांना सहन होत नव्हतं.

ऑपरेशनच्या सकाळी तिथल्या बाईनं हातात हिरवा गाऊन दिला. अंगावरचं सगळं काढून हा घाला. सासूबाई बाकावर बसल्या त्या बसल्याच. नर्सनं समजावलं. मी विनोद करून पाहिले. नवरा आधी हळू आवाजात आणि मग मोठ्या आवाजात बोलला. शेवटी डोळ्यांचे डॉक्टर स्वतः बाहेर आले, आजी, इन्फेक्शन होतं, अंगावरचे कपडे आत चालत नाहीत.

सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "डोळा जाते तं जाऊ द्या. लुगडं नाई सोडत मी."

आम्ही परत आलो. गाडीत नवऱ्यानं स्वच्छतेवर व्याख्यान दिलं, ते आमच्या फाटकापर्यंत पुरलं. मी गप्प होते, पण चांगुलपणानं नव्हे. मनातल्या मनात हिरव्या गाऊनची गोष्ट जुळवत होते. कुठे थांबायचं, कुठे आवाज काढायचा, सगळं घरी पोचेपर्यंत तयार होतं.

नवरा त्याच्या कळमेश्वरच्या फॅक्टरीत निघून गेला. दुपारी मी कूलरमध्ये पाणी घालत होते, तेवढ्यात न्हाणीतून हाक आली.

"बाई, इकडं ये वं. फडकं पडलं, दिसत नाई मले."

आत गेले तर सासूबाई एका हातानं नळ धरून उभ्या, लुगडं सुटलेलं. आणि मी जे पाहिलं ते साधेपणानंच लिहिते, कारण या गोष्टी साधेपणानं न लिहिल्यामुळेच हे सगळं झालं आहे. त्यांच्या मांड्यांमध्ये मुठीएवढा लालसर मांसाचा गोळा लोंबत होता. त्यावर घासून घासून जखम झालेली. मला वाटलं गाठ आहे, कॅन्सर आहे. त्या मात्र बिछान्यावरची चादर सरकली असावी अशा आवाजात म्हणाल्या, "अंग हाये ते, बाहेर येते. तू फडकं शोध."

फडकं बादलीमागे पडलं होतं. जुन्या लुगड्याचं, धुऊन धुऊन लोण्यासारखं झालेलं. त्यांनी तो गोळा हातानं आत ढकलला, फडक्याची घडी करून खाली लावली, काष्टा ओढला आणि मागे खोचला. दाराला कडी घालावी इतकं सहज. डोळ्यांना दिसत नसताना. त्या हातांना पाहायची गरजच नव्हती.

मग आम्ही दोघी पलंगावर बसलो. एकदा सुरू झाल्यावर त्या सांगत गेल्या. माझा नवरा हे त्यांचं शेंडेफळ. त्याच्या वेळी त्या घरीच, सुईणीच्या हाताखाली, दोन रात्री अडून राहिल्या होत्या. बारसं झालं, विहीर पुजली, भरली घागर डोक्यावर घेऊन आल्या. घरी कापूस वेचायला माणसं कमी होती. दुसऱ्या दिवसापासून वेचणी, कापसाचं गाठोडं डोक्यावर, सकाळ-संध्याकाळ विहिरीचं पाणी. काही दिवसांनी खाली काहीतरी आल्यासारखं वाटलं. त्यांनी आपल्या सासूला सांगितलं. त्या म्हातारीनं पेटीतून जुनं फडकं काढून दिलं आणि दार लावून काष्टा कसा पक्का मारायचा ते शिकवलं. तिलाही तेच होतं.

म्हणजे पाहा. माझ्या नवऱ्याचं वय आणि सासूबाईंच्या दुखण्याचं वय एकच. त्याच्या वाढदिवसाला मी दरवर्षी शिरा करते आणि पहिली वाटी त्यांना देते.

मी विचारलं, खोकला आला की? तर येते. शिंक आली की? येते. आणि मग त्यांनी ते सांगितलं, मी न विचारता.

"हासलं का येते. लघवी भी होते. म्हणून उठून जातो मी. तुया गोष्टीले हासू येते वं, लय येते."

माझ्यासारखी बाई बोलली नाही, यावरून समजून घ्या.

"अन् ती घागर," त्या म्हणाल्या, "तुया डोक्यावर ठेवली तवा मले कसंतरीच झालं. तुये टाके कच्चे होते. बायाइले काय सांगू? म्हणलं फोडन म्हणून."

मला राग आला. इतका की मी उठून कूलर बंद केला, पुन्हा चालू केला आणि स्वयंपाकघरात जाऊन स्वच्छ भांडी घासायला काढली. कुणावर राग, ते कळत नव्हतं. मेलेल्या आजेसासूवर? तिला तिच्या सासूनं शिकवलं असेल. कुणी एक माणूस सापडला असता तर बरं झालं असतं, मी त्याला बोलून मोकळी झाले असते. सापडत होती ती नुसती रांग. आईनं, सासूनं, आजेसासूनं एकीनं दुसरीला फडकं द्यायचं आणि वर पुन्हा भरलेली घागरही तिनंच डोक्यावर चढवायची. दूध जास्त यावं म्हणून.

आणि शब्दांचा राग. नवऱ्याला फोनवर सांगायचं तर मी अडले. काय सांगू? आईचं 'खालचं'? 'तिथलं'? त्या भागांना आपल्या बोलीत नावं नाहीत असं नाही, भरपूर आहेत. आमच्या चौकात दोन ऑटो एकमेकांना घासले की ती सगळी भर रस्त्यात, आईबहिणीसकट ऐकू येतात, आणि कुणाची मान खाली जात नाही. पण एका म्हातारीला तीच जागा दुखते म्हणून सांगायचं तर शब्द नाही. शेवटी मी म्हटलं, "आईला स्त्रीरोगवाल्या डॉक्टरांकडे न्यायचं आहे." पलीकडे मशिनींचा आवाज येत राहिला. मग नवरा म्हणाला, "आईला? आता?"

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, माझ्या मुलीहून थोड्या मोठ्या. त्यांनी आत नेऊन तपासलं आणि बाहेर येऊन आमच्यासमोर बसल्या. टेबलावर प्लास्टिकचं मॉडेल होतं, बाईच्या कमरेच्या आतलं. त्यांनी ते उघडलं, तसा माझा नवरा भिंतीवरच्या गुटगुटीत बाळांच्या कॅलेंडरचा अभ्यास करू लागला. डॉक्टरीणबाईंना मी मनोमन मानते ते यासाठी, की त्या आमच्याशी बोलल्याच नाहीत. मॉडेलचा एकेक तुकडा काढून त्यांनी सासूबाईंच्या हातात दिला, कारण दिसत नव्हतं तरी हाताला कळत होतं.

ही पुढची लघवीची पिशवी. ही मधली, ती गर्भाशयाची. मागे शौचाची नळी. गर्भाशय वरून आणि बाजूनं असं दोरांनी धरलेलं असतं आणि खालून स्नायूंची झोळी असते, ती या तिघांना तोलून धरते. बाळ येतं ते त्या झोळीतून वाट काढत येतं. झोळी ताणते, कधी फाटते. विश्रांती मिळाली तर बरीचशी पुन्हा आवळते. त्याच दिवसांत वरून वजन दिलं, तर दोर सैल होतात आणि गर्भाशय हळूहळू योनिमार्गातून खाली सरकतं. पाळी गेली की झोळी आणखी ढिली पडते.

सासूबाईंनी गर्भाशय हातात फिरवून पाहिलं. छोट्या पेरूएवढं. "एवढंसंच असते?" त्या म्हणाल्या. तीन लेकरं त्यात वाढवलेली बाई त्याला पहिल्यांदा हात लावत होती, तेही प्लास्टिकच्या.

आता माझं सांगते. मी पन्नाशी ओलांडलेली, पदवीधर, दोन बाळंतपणं झालेली, घराण्यात गोष्टी सांगणारी. मॉडेलकडे बोट दाखवून मी म्हटलं, "पण लघवीची आणि बाळाची वाट इथे वेगवेगळी दाखवली आहे." डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वेगवेगळीच असते." मी म्हटलं, "माझीही?"

त्या हसल्या नाहीत. बऱ्याच जणींना माहीत नसतं, म्हणाल्या. मला त्यांनी हसायला हवं होतं. पन्नास वर्षं मी या अंगात राहते आहे, रोज धुते आहे, आणि त्याला दारं किती ते मला ठाऊक नाही. आमच्या गॅस सिलिंडरच्या रेग्युलेटरबद्दल मला याहून जास्त माहिती आहे, कारण तो देणाऱ्यानं पहिल्याच दिवशी समोर उभं करून शिकवलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं ते आणखी जळजळीत होतं. लवकर आल्या असत्या तर बांगडीसारखी एक रिंग आत बसवून भागलं असतं, तीही नको म्हटलं तर ताकद येण्याचे व्यायाम होते. आता रिंग टिकणार नाही, जखमा झाल्या आहेत. आधी मलम लावून त्या भरायच्या, मग खालूनच ऑपरेशन करायचं, गर्भाशय काढायचं, झोळी शिवायची. मग डोळा. वय झालं असलं तरी प्रकृती काटक आहे, हरकत नाही.

नवऱ्यानं जिना उतरताना तोंड उघडलं. "म्हणजे फाउंडेशन बोल्ट ढिले झाले आणि तसंच मशीन चालवलं," तो म्हणाला. फॅक्टरीत तो मेंटेनन्स पाहतो. एखाद्या पंपाचा आवाज जरासा बदलला तरी जेवण टाकून धावतो. मी म्हटलं, "हो. आणि सगळा स्टाफ म्हणत होता की मशीन जरा कडक आहे, हसत नाही." त्यानं पायरीवरच थांबून आईचा हात धरला.

संध्याकाळी खाप्याला फोन लावला. मामाजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, विचारल्याशिवाय आमच्या घरी कुणाचा दात निघत नाही. सासूबाईंनाही ते मान्य होतं. डॉक्टरीणबाईंनी त्यांना विचारलं तेव्हा त्या 'मालकाले विचारून सांगतो' म्हणाल्या होत्या. म्हणजे ते नाही म्हणाले तर पुन्हा ते फडकं, ती जखम, आणि गाऊन घालायचा नाही म्हणून आंधळेपण, हे सगळं आता त्या फोनवर येऊन थांबलं होतं. नवऱ्यानं स्पीकर सुरू करून मोबाइल टीपॉयवर ठेवला.

मामाजींनी आधी डोळ्याचं विचारलं. नवऱ्यानं घसा साफ केला आणि आईचं गर्भाशय खाली आलं आहे, ऑपरेशन करावं लागतं, असं एका दमात सांगून टाकलं.

"गर्भाशय?" मामाजी म्हणाले. "आता का लेकरं होऊन राहिले तिले? इतकी वर्षं काही झालं नाई, आताच काहून? डोळा करा अन् पाठवून द्या. चणा घरी यायचा हाये."

नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडलं, खूप काही तयार होतं त्यात. पण सासूबाईंनी चाचपडत टीपॉयवरचा मोबाइल उचलला आणि तोंडाशी धरला.

"म्हशीले झालं होतं ना, ते हाये."

मामाजींनी विचारलं, "कोणत्या म्हशीले?"

"एका शिंगाच्या. तवा तुम्ही सायकलवर सावनेरले गेले, डॉक्टर घेऊन आले. तिच्या मागच्या पायाखाली माती टाकली, उंच केलं. रातभर तिच्यापाशी बसून राहिले. मी तुमाले चहा आणून देत होती. मलेही तेच होतं तवा."

फोनमधून त्यांच्या अंगणातल्या कोंबड्या ऐकू येत होत्या.

"कवापासून?" शेवटी त्यांनी विचारलं.

"ज्याच्यासंग आता बोलून राहिले ना तुम्ही, त्याच्यापासून."

"मले काहून नाई सांगितलं?"

"सांगितलं होतं. तुम्ही म्हणाले, बायाचं बायाले सांग." सासूबाईंनी मोबाइल दुसऱ्या हातात घेतला. "इतकी वर्षं काही झालं नाई, ते तुमाले. मले झालं. चणा तुम्ही पाहून घ्या."

आणि त्यांनी मोबाइल माझ्या हातात दिला, बंद कुठून करतात ते त्यांना माहीत नव्हतं.

विचारायला लावलेल्या फोनवर त्यांनी विचारलं काहीच नव्हतं. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या आणि त्याच वेळी भिंतीवर काहीतरी फेकावंसं वाटलं. घरात म्हशीचं अंग आलं तर ते गावभर सांगता येतं. गडी, डॉक्टर, शेजारी, सगळे गोठ्यात जमतात, उपाय सुचवतात, रात्र जागवतात. कारण म्हशीला लाज नसते, आणि ती दूध देते. बाईनं उंबऱ्याच्या आत पाणी आणलं की तिचं सुवेर संपतं, त्याबरोबर तिची चौकशीही संपते.

ऑपरेशन झालं. मामाजी आदल्या दिवशीच आले, चणा कुणाच्या तरी हवाली करून. दवाखान्याच्या व्हरांड्यात ते टोपी मांडीवर ठेवून बसून होते. नवऱ्यानं चहा आणला तो त्यांनी घेतला नाही. मी त्यांच्यावर रागावलेलीच होते आणि अजूनही आहे. पण त्यांचा तो न घेतलेला चहा मी लक्षात ठेवला आहे, नाही असं नाही. नंतर जड उचलायचं नाही असं सांगितल्यावर त्यांनी ते इतकं मनावर घेतलं, की सासूबाईंच्या हातात पाण्याचा तांब्या दिसला तरी धावायचे. मग डोळाही झाला. हिरवा गाऊन घालायची वेळ आली तेव्हा सासूबाईंनी मला बाहेर थांबायला सांगितलं आणि स्वतः घालून आल्या, नाड्या पुढे बांधून. नर्सनं त्या मागे बांधायला लावल्या.

कोठीवरचा फुलाफुलांचा गाऊन मामाजींनी खाप्याहून येताना पिशवीत घालून आणला होता. कुणाच्या सांगण्यावरून, ते दोघांनीही सांगितलं नाही. एका संध्याकाळी त्या तो घालून पलंगावर बसल्या होत्या. बसल्या म्हणजे पाय मोकळे पसरून, गुडघे हवे तसे टाकून. त्यांना असं बसलेलं मी कधीच पाहिलं नव्हतं. म्हणाल्या, "ती घागरीची सांग. मी पुरी ऐकलीच नाई कधी."

मी सांगितली. उभी राहून, चुंबळ म्हणून टॉवेल डोक्यावर ठेवून, बदकाची चाल करून. त्यांचा आवाज काढायला गेले तो मात्र माझाच निघाला. गोष्ट संपली. नव्या डोळ्यांनी त्या माझ्याकडे पाहत होत्या.

"एवढंच?"

"एवढंच."

"एवढ्यावर हासत होते लोक?" त्या म्हणाल्या, आणि मग त्यांना हसू आलं. माझ्या गोष्टीचं नव्हे, त्यावर इतकी वर्षं हसणाऱ्या लोकांचं. खांदे हलले, दात नसलेलं तोंड उघडलं. आणि पाहता पाहता त्यांचा उजवा हात झटकन मांड्यांमध्ये गेला, दाबून धरायला. तिथे धरण्यासारखं काही नव्हतं. त्यांनी हात वर घेतला, पुन्हा हसू आलं, पुन्हा हात तिथेच गेला. डॉक्टरीणबाईंनी झोळी शिवली, पण त्या हाताला काय शिवणार?

घागरीची गोष्ट मी अजूनही सांगते. लग्नात सांगते, साखरपुड्यात सांगते, आता पुरी सांगते, सगळ्या अवयवांची नावं घेऊन. लोक पहिल्यासारखे हसत नाहीत. पुरुषमंडळींना एकदम बाहेर लावलेल्या गाड्यांची काळजी वाटू लागते. एक चुलत दीर मला म्हणाले, वहिनी, पहिले तुमची गोष्ट फॅमिलीसोबत ऐकता येत होती. मी म्हटलं, फॅमिलीचीच तर आहे.

फरक एवढाच पडला आहे, की गोष्ट सांगताना मी आता हसणाऱ्यांकडे पाहत नाही. भिंतीला हात टेकून कोण उठतं, ते पाहते. आणि गोष्ट तिथेच टाकून तिच्यामागे आत जाते.